कूलंट जातं कुठे?

आठ महिन्यांची गाडी. आठ! मागच्या सीटवरचं प्लास्टिक मायने अजून काढू दिलं नव्हतं, आणि डॅशबोर्डवर तापमानाचा लाल दिवा. तोही कुठे, तर उधन्याच्या फ्लायओव्हरवर, ऐन चढावर. मागून एक टेम्पोवाला भोंगा वाजवतोय आणि शेजारच्या सीटवर आबा, म्हणजे माझे वडील, दंडाला पट्टी बांधून मान टेकून बसलेत. मी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि मोठ्याने म्हणाले, "अगं बये, तुझं आत्ताच काय मेलं!" गाडीलाच म्हणाले. आबा डोळे मिटूनच हसले.

ही गाडी मी हौसेने घेतलेली नाही, हे आधी सांगते. मी सुरतेत, लिंबायतमधल्या मराठी शाळेत शिकवते, राहते डिंडोलीत, आणि शाळेत मोपेडने जाते. गाडी घेतली ती आबांच्या डायलिसिससाठी. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मूत्रपिंडं बसली तेव्हापासून ती आठवड्यातून तीन वेळा ठरलेलीच. शाळा सकाळची. बाराला सुटते, मी धावत घरी येते, आबांना घेऊन हॉस्पिटल, चार तास मशीनवर, संध्याकाळी परत. पहिलं वर्ष आम्ही हे रिक्षाने केलं. मशीनवरून उठलेल्या माणसाचं बीपी जमिनीला लागलेलं असतं, आणि आमच्याकडचे रस्ते म्हणजे विचारूच नका. एकदा एका खड्ड्यात रिक्षा आदळली तसे आबा माझ्या अंगावर कलंडले आणि मिनिटभर शुद्धीवर नव्हते. त्या मिनिटात मी गाडी घ्यायचं ठरवलं. एवढंच त्या गाडीचं काम होतं: आबांना न हलवता नेणं आणि आणणं. आणि तेवढंही तिला जमेना.

त्या पहिल्या दिवशी अर्धा तास थांबून, गाडी निववून आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर. तिथला माणूस सभ्य होता, अगदी संताप यावा इतका सभ्य. पांढरा शर्ट, हातात टॅबलेट, प्रत्येक वाक्याच्या आधी 'बेन', म्हणजे ताई. त्याने बॉनेट उघडलं, कूलंटची प्लास्टिकची टाकी दाखवली. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते गुलाबी पाणी. ते खालच्या रेघेच्याही खाली गेलेलं. त्याने भरून दिलं. म्हणाला, कधीकधी नव्या गाडीत हवा राहते, ती निघाली की लेव्हल उतरते, आता काही होणार नाही. "चिंता ना करो, बेन."

मी कसली चिंता न करते! घरी आल्यावर आबांना बजावून सांगितलं, "हे बघा, गाडी वॉरंटीत आहे. बॉनेटला हात लावायचा नाही. काही झालं तर कंपनीवाले बघतील." हे सांगायचं कारण, आबा तीस वर्षं वॉटरजेट लूमवर मास्तर होते. अमळनेरकडून आले ते साध्या मागावर, आणि मग पाण्याच्या धारेवर धागा नेणाऱ्या त्या मशिनींवर त्यांचा हात असा बसला की शेड बदलली, मालक बदलले, मास्तर तेच. बिघडलेलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. घरचा मिक्सर त्यांनी इतक्यांदा खोललाय की त्याचे स्क्रू आता बोटाने फिरतात. मी बजावलं तेव्हा आबांनी मान हलवली. आबांची मान हलणं म्हणजे होय की नाही, हे मला बेचाळिसाव्या वर्षीही कळत नाही.

मी स्वतः मात्र पाळतीवर राहिले. हॉस्पिटलमधून आलं की आबांना लिफ्टने वर पोचवायचं, परत खाली यायचं, बॉनेट उघडून टाकी बघायची. आणि आठवड्याने एका संध्याकाळी बघते तर काय, लेव्हल खालच्या रेघेवर! गाडीखाली डबकं नाही, थेंब नाही, वास नाही. मी वाकून, गुडघ्यावर बसून, मोबाइलचा दिवा मारून बघितलं. वॉचमन विचारायला लागला, मॅडम, काय हरवलं? म्हटलं, डोकं. मग टाकीचा फोटो काढला आणि सर्व्हिस सेंटरची दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गाडी घेऊन गेले, पांढऱ्या शर्टासमोर बॉनेट उघडलं, बोट दाखवलं आणि माझं बोट तसंच राहिलं. टाकी वरच्या रेघेपर्यंत भरलेली. काठोकाठ. मी म्हटलं, काल संध्याकाळी खाली होती. त्याने टाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी फोटो दाखवला. तो फोटो त्याने दोन बोटांनी मोठा करून नीट पाहिला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "बेन, आ फोटो कई गाडीनो छे?"

कुठल्या गाडीचा म्हणे! कपाळ माझं! मी त्याला गाडीचा नंबर दाखवणार तरी कुठून, टाकीवर काय नंबर असतो? तरी बिचाऱ्याने गाडी आत घेतली. दोन तास ती रांगेत उभी राहिली. मग एकाने टाकीच्या तोंडाला हातपंप लावला, हवा भरली, काटा बघत बसला. काटा हलला नाही. म्हणजे गळती नाही. पांढऱ्या शर्टाने मला समजावलं की इंजिन गरम असताना आणि गार असताना लेव्हल वेगवेगळी दिसते. म्हटलं, भाऊ, गरम झाल्यावर पाणी फुगतं, एवढं मी सहावीला शिकवते. संध्याकाळी गरम इंजिनात लेव्हल खाली आणि दुपारी गार इंजिनात वर, हे कुठल्या पुस्तकात आहे ते सांग. तो म्हणाला, "बेन, पण लेवल बराबर छे." त्याचं चूक काहीच नव्हतं. लेव्हल खरोखरच बराबर होती. म्हणून तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी यावं तर तिथे दुसराच तमाशा चाललेला. तो पाण्याचाच, पण आबांच्या.

डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून असतं, हे ज्याच्या घरात आहे त्यालाच माहीत. मूत्रपिंडं काम करत नाहीत, म्हणजे प्यालेलं पाणी अंगात साठतं, पायांवर, फुप्फुसात. आबांना दिवसाला पाऊण लिटर, चहा धरून. बस. सुरतेच्या उन्हाळ्यात. मायने त्यासाठी एक स्टीलची बाटली ठरवली होती. पहाटे उठली की ती फिल्टरखाली भरायची, चहाचं पाणी त्यातूनच बाजूला काढायची आणि बाटली आबांच्या उशाशी ठेवायची. ती संपली की संपली. आबांनी दीड वर्ष हे इतकं नेटाने पाळलं होतं की एकेक घोट तोंडात फिरवून मग गिळायचे. पण त्या महिन्यात काय झालं कुणास ठाऊक, दिवसाआड नऊच्या आत बाटली अर्धी व्हायला लागली.

"नऊ वाजनात नही तं बाटली खाली!" माय ओरडायची. घरात आम्ही अहिराणीच बोलतो, आणि मायची अहिराणी तापली की शेजारचे गुजराती दार लावून घेतात. लहान मूल बरं, म्हणायची, त्याला निदान समजावता येतं. एकदम ढसाढसा पिऊन टाकायचं आणि मग दुपारभर ओठ चाटत बसायचं, हे शोभतं का या वयात? "आते रातलोंग थेंब भेटनार नही!" आणि खरंच द्यायची नाही. आबा भिंतीवरच्या पंख्याकडे बघायचे. दुपारी कधी बर्फाचा तुकडा मागायचे, तर माय तोसुद्धा मोजायची.

मीही बोलले त्यांना. का नाही बोलणार? पाणी जास्त झालं की डायलिसिसवर किती जड जातं ते मी चार तास शेजारी बसून बघते. गंमत अशी की हॉस्पिटलमधली सिस्टर मात्र खूश. मशीनवर घ्यायच्या आधी वजन करतात, त्यावरून अंगात किती पाणी साठलं ते कळतं. ती म्हणाली, काकांचा कंट्रोल एकदम मस्त आहे, दोन वेळांच्या मधे वजन वाढतच नाही. मी घरी येऊन मायला हे सांगितलं तर ती म्हणाली, त्यांचा काटा बिघडलाय. मलाही ते पटलं. आमच्या घरात त्या महिन्यात सगळ्याच काट्यांवरचा विश्वास उडाला होता.

इकडे गाडीचं तेच. संध्याकाळी बघावं तर खाली, नेऊन दाखवावं तर भरलेली. मला वाटायला लागलं की आपल्याला काहीतरी झालंय. एकदा संध्याकाळी शेजारणीला खाली नेऊन टाकी दाखवली, साक्षीदार म्हणून. ती म्हणाली, हो गं, खाली आहे, पण तू यात एवढी का अडकतेस? मी म्हटलं, कारण पुढच्या खेपेला हा दिवा फ्लायओव्हरच्या मधोमध लागला आणि आबांचं बीपी त्याच वेळी खाली गेलं, तर मी काय करू ते सांग.

तिसऱ्यांदा मी गाडी ठेवूनच आले. म्हटलं, तुमच्याकडे राहू दे, चालवा, तापवा, काय करायचं ते करा, पण गळती शोधा. त्या दोन दिवसांत एक गुरुवार आला आणि आम्ही रिक्षाने गेलो. जाताना ठीक. येताना आबांच्या पायात गोळे आले. पोटरी दगडासारखी झालेली, रिक्षाच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून बसलेले, आणि तरी ओठ घट्ट मिटलेले. मी पोटरी चोळत होते आणि रिक्षावाल्यावर खेकसत होते, त्याचा काहीही दोष नसताना. घरी आल्यावर आबा म्हणाले, "रिक्षामा नको आते, बेटा." त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. एवढंच मागितलं.

शुक्रवारी गाडी परत मिळाली. सोबत कागद: दोष आढळला नाही. म्हटलं, किती चालवली? तर आवारातच इंजिन सुरू करून अर्धा तास उभी ठेवली होती. अर्धा तास! रस्त्यावर नेलीच नाही. पांढरा शर्ट म्हणाला, "बेन, गाडी एकदम चोख्खी छे." वर, तुम्ही फार छान ठेवलीय, इंजिनसुद्धा पुसलेलं असतं तुमचं, म्हणाला. मी त्या कौतुकाकडे लक्षच दिलं नाही. इंजिन कोण पुसतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात यायला हवा होता, पण माझ्या डोक्याची तोवर मंडई झालेली होती. त्या रात्री जेवताना मी ताट सारलं आणि म्हणाले, विकून टाकते ही गाडी, फुकट दिली तरी चालेल, पण हे डोळ्यांसमोर नको. आबांचा घास हातात राहिला. माय म्हणाली, आधी जेव.

मग मी टाकी बघणंच सोडलं. खरं सांगते, हात टेकले. तीनदा वेडी ठरले होते, चौथ्यांदा ठरायची इच्छा नव्हती. त्याच रविवारी मायनेही तिचा निकाल लावला. बाटली आबांच्या उशाशी ठेवायचीच नाही. बाटली स्वयंपाकघरात, तिच्या नजरेसमोर, आणि ठरलेल्या वेळी ती स्वतः छोट्या पेल्यातून देणार, उभी राहून, पिऊन होईपर्यंत. आबांनी एकदा विचारून बघितलं, राहू दे ना माझ्याजवळ. माय म्हणाली, दीड वर्ष ठेवली होती की, काय केलंत तुम्ही तिचं?

मंगळवार पार पडला. गुरुवारी, येताना, दिवा लागला.

पुन्हा फ्लायओव्हर. ते ऊन, तो मे महिना, आणि आबा मशीनवरून नुकतेच उठलेले. मी आता शिकलेली होते: एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण चालू, म्हणजे इंजिनाची उष्णता आत ओढली जाते. विचार करा, मे महिन्यात सुरतेत हीटर. माझ्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या आणि आबांचा चेहरा पांढराफटक. मी त्यांचं मनगट धरून नाडी बघतेय, एका हाताने स्टिअरिंग, तोंडाने चालू आहे, "आबा, डोळे उघडे ठेवा, माझ्याशी बोला, काहीही बोला." ते म्हणाले, "काटा खाले उना का?" त्यांना स्वतःची पडली नव्हती, काट्याची पडली होती. काटा थोडा खाली आला. उतारावर गाडी जवळजवळ घरंगळतच नेली. सर्व्हिस सेंटर तिथून जवळ होतं. घरी जायचं सोडून मी सरळ तिथे गाडी घुसवली, रांग वगैरे न बघता, थेट शेडमध्ये.

पांढरा शर्ट धावत आला. त्याला 'बेन' म्हणायची संधीच मी दिली नाही. म्हटलं, आत्ता. गरम आहे तोवर. माझे वडील डायलिसिसवरून येताहेत, त्यांना आधी गार हवेत बसवा, आणि गाडी या क्षणी उघडा, नाहीतर मी इथून हलणार नाही. मी इतक्या जोरात बोलले की हातातली हत्यारं टाकून चार माणसं जमली. आबांना काचेच्या खोलीत एसीखाली नेऊन बसवलं. पाच-सात मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला, बीपी मोजायचं यंत्र माझ्या पर्समध्येच असतं, ते बरं निघालं. तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

या वेळी गाडी एका वयस्कर कारागिराकडे गेली. वर्धेकडचा माणूस, बोलण्यावरूनच कळत होतं. त्याने आधी काहीच केलं नाही. नुसता टॉर्च घेऊन वाकून बघत राहिला. मग मला बोलावलं. "हे पाहा मॅडम." रेडिएटरला जिथे रबरी पाइप बसतो त्या जोडावर गुलाबी पापुद्रा धरलेला, वाळलेल्या मिठासारखा, आणि त्यातून बारीक वाफ. थेंब पडायच्या आतच गरम लोखंडावर उडून जात होता. म्हणून जमिनीवर कधी काही दिसलं नाही. आतली रबरी रिंग कारखान्यातच चिमटीत आली असणार, तो म्हणाला. गार असताना जोड घट्ट, तापला आणि दाब वाढला की सोडतो. दहा मिनिटं. दहा मिनिटांत सापडलं. मला त्या माणसाच्या पायाच पडावंसं वाटलं आणि पांढऱ्या शर्टाच्या कानाखाली द्यावीशी वाटली, दोन्ही एकाच वेळी.

"पण हा डाग मागं काहून नाही दिसला कोनाले?" तो स्वतःशीच म्हणाला. "पुसलेला राहाते हा. हे पाहा, चिंधीचे धागे हायेत क्लिपमधी." मग त्याने टाकीतलं थोडं द्रव एका छोट्या दुर्बिणीसारख्या नळीवर टाकून उजेडात धरलं. "आन् याच्यात कूलंट कमी, पानीच जास्त हाय. पानी कोनं टाकलं जी?"

मी म्हटलं, कुणीच नाही. माझ्याशिवाय या गाडीला कोणी हात लावत नाही.

"टाकलं हाय. आन् एकदम चांगलं पानी हाय. आपल्या इथलं बोअरचं राहातं तं महिन्याभरात क्षार धरला असता. टाकीत डाग नाही."

मी काचेकडे वळले. काचेपलीकडे आबा बसलेले, आणि ते माझ्याकडे नाही, उघड्या बॉनेटकडे बघत होते. वर्गात खोडी सापडली की पोराचा चेहरा होतो, तो मी रोज बघते. मला दुसरं काही विचारायची गरजच पडली नाही.

मी आत गेले. "आबा, तुम्ही?"

"मी टाकं," ते म्हणाले.

"कवयपासून?"

"पहिलांदा दिवा लागना तवयपासून."

मग मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. महिनाभर मी वेड्यासारखी या लोकांशी भांडतेय, चार माणसांत माझं हसं झालं, रिक्षात तुमच्या पायाचे गोळे मी चोळले, आणि तुम्ही रोज पहाटे खाली जाऊन टाकी भरता? आणि डाग पुसता? ज्या हातात सुया टोचतात त्या हाताने बॉनेट उचलता? बजावलं होतं ना मी? लाज नाही वाटली? हो, हेसुद्धा म्हणाले. काचेच्या खोलीत बसलेली बाकीची गिऱ्हाइकं आपापल्या मोबाइलमध्ये घुसली. त्यांना अहिराणी कळत नसली तरी सूर कळत होता.

आबांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, पाळी बदलताना मशीन दुसऱ्याच्या हातात द्यायचं तर भरून आणि पुसून द्यायचं. तेल भरलेलं, पाणी भरलेलं, कचरा झाडलेला. "भरीसन, पुसीसन देवानं." रिकामं, घाणेरडं मशीन पुढच्याच्या हातात दिलं तर तो मास्तर कसला? तीस वर्षांत त्यांनी एकदाही तसं दिलं नव्हतं. मी गाडी कारागिराकडे न्यायची म्हटलं की ते पहाटे उठून तेच करत होते. आणि त्यांना हॉस्पिटलला न्यायचं असायचं त्या दिवशीही. भरलेली असली म्हणजे वाटेत तापणार नाही, एवढाच त्यांचा हिशेब. गळती त्यांना दुसऱ्याच दिवशी सापडली होती! जोडावर बोट ठेवून त्यांनी ओळखलं होतं. पण सांगितलं असतं तर हात लावला हे उघड झालं असतं, आणि मग मी गाडी विकायची भाषा सुरू केली, तेव्हा तर त्यांची जीभच रेटेना.

मी कपाळाला हात लावला. राग संपला नव्हता, नुसता थकला होता. म्हटलं, "आणि पाणी कुठलं टाकत होतात? पार्किंगच्या नळाचं?"

त्यांना खरोखर अपमान झाल्यासारखं वाटलं. "मशीनमा खारं पानी?" जेटमध्ये खारं पाणी गेलं की नोझल बसते, हे त्यांनी किती कामगारांना शिव्या देऊन शिकवलं असेल. नव्या गाडीत ते बोअरचं पाणी टाकतील?

"मग?"

"मनी बाटलीनं."

मला आधी कळलंच नाही. फिल्टर स्वयंपाकघरात, मायच्या हाताखाली. त्यातून पेलाभर घेतलं असतं तर तिने कशाला म्हणून विचारलंच असतं. त्या घरात ज्याचा जाब कोणी विचारू शकत नव्हतं असं पाणी तेवढंच होतं, उशाशी ठेवलेलं, त्यांच्या वाटणीचं. त्यातला पेलाभर गाडीत, आणि उरलेल्यात सुरतेचा मे महिना. वर मायच्या शिव्या. वर माझ्या. 'ढसाढसा पिऊन टाकता' म्हटलं तेव्हा ते पंख्याकडे बघत होते. त्या सिस्टरचा काटा बरोबर होता. बिचारीने सांगितलं तर होतं.

मी त्यांच्या शेजारी बसले. बसल्या बसल्या पुन्हा रागावले. म्हटलं, गाडीला पाणी कमी पडलं तर गाडी थांबेल, आबा, तुम्हाला कमी पडलं तर? ते म्हणाले, "गाडी थांबनी तं मी बी थांबनूच ना." आणि बॉनेटकडे बघत राहिले, रिंग नीट बसवतात की नाही ते.

रिंग बदलली, नवं कूलंट भरलं, वॉरंटीत सगळं. पांढऱ्या शर्टाने दोनदा माफी मागितली, मी एकदा मागितली. घरी पोचायला दिवेलागण झाली. दारातच मायने उशीर का म्हणून सुरुवात केली, आणि मी चप्पलही न काढता तिला सांगून टाकलं. सगळं, एका दमात, मधेच तिच्यावरही चिडत, जणू तिनेच काही केलं होतं. आबा भिंतीला धरून आत गेले आणि पलंगावर बसले.

माझी माय, जी देवालाही दोन शब्द सुनावल्याशिवाय सोडत नाही, ती सरळ स्वयंपाकघरात गेली. फिल्टरच्या नळाचा आवाज आला, बराच वेळ. बाहेर आली ती मोठा पेला घेऊन. घरात पाहुण्यांना देतो तो, काठापर्यंत भरलेला. पाणी तिच्या बोटांवरून सांडत होतं. तिने तो आबांपुढे धरला. "घ्या," म्हणाली. आबांनी पेल्याकडे बघितलं. हीटर लावून आलो होतो आम्ही, त्यांचे ओठ फाटलेले होते. त्यांनी हात पुढे केला.

आणि मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

बाटली ओट्यावर रिकामी होती. रविवारपासून माय स्वतः उभी राहून पाजत होती, म्हणजे आज त्यांचं सगळं पाणी त्यांच्याच पोटात गेलं होतं. पाऊण लिटर पूर्ण झालं होतं. त्या पेल्यात आणखी पाव लिटर तरी असेल. ज्या दिवसांत त्यांना देता आलं असतं त्या दिवसांत आम्ही दोघींनी त्यांना एक थेंब दिला नव्हता.

"उद्या सकाळी, आबा," मी म्हणाले, आणि मायच्या हातातून पेला काढून घेतला.